लाजराची बंधने कोणी सोडवायची?
दारूमुक्ती, श्रद्धा आणि आपला धर्मग्राम

१० जून २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविण्यास मंजुरी दिली. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर उत्पादनमूल्याच्या तिप्पट आकारले जाणारे शुल्क साडेचार पट करण्यात आले आणि त्यायोगे राज्याच्या तिजोरीत सुमारे १४,००० कोटी रुपयांची भर पडेल, अशी अपेक्षा व्यक्त झाली. वर्तमानपत्रांतून त्यावर पुष्कळ चर्चा झाली. किंमत वाढली तर माणूस कमी पिईल की स्वस्त दारूकडे वळेल, शेजारच्या राज्यांतून चोरटी आवक वाढेल काय, मद्य व्यावसायिकांचे काय होईल, असे अनेक प्रश्न विचारले गेले.

त्याच दिवशी आणखी एका घटनेला नव्वद वर्षे पूर्ण झाली, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांची संघटना १० जून १९३५ हा आपला स्थापनादिन मानते. त्याच्या तीनच दिवस आधी, ७ जून २०२५ रोजी, डब्लिनचे कॅथोलिक मजूर मॅट टॅलबट यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली. तरुणपणी दारूत बुडालेल्या आणि नंतर आयुष्याची एक्केचाळीस वर्षे दारूचा थेंबही न घेतलेल्या ह्या मजुराला ख्रिस्तसभेने १९७५ साली 'वंदनीय' म्हणून घोषित केले.

प्रिय वाचकहो, ह्या तीन गोष्टी मी मुद्दाम एकत्र मांडत आहे. दारू किती विकली जावी आणि कितीला विकली जावी, ह्यावर शासन, विरोधक आणि वृत्तपत्रे बोलतात. ते आवश्यकच आहे. परंतु ज्याने दारू सोडली आहे त्याने ती सुटलेली कशी ठेवावी, ह्याविषयी कोणी बोलत नाही. तो प्रश्न अर्थसंकल्पाचा नसून आपल्या घराचा, मांडवाचा आणि धर्मग्रामाचा आहे.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या 'एम्स'मार्फत केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात. त्यांपैकी ५.७ कोटी लोकांचे मद्यपान त्यांना अपाय करणारे किंवा परावलंबी बनविणारे असून त्यांना मदतीची गरज आहे. ज्यांना दारूचे व्यसन जडले आहे अशा अडतीस जणांमागे केवळ एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळतात, असेही तो अहवाल सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार २०१९ ह्या एका वर्षात मद्यामुळे जगात सुमारे २६ लाख लोक मृत्युमुखी पडले.

उरलेले सदतीस जण उपचारापर्यंत का पोहोचत नाहीत? गरिबी आणि केंद्रांची अपुरी संख्या ही कारणे आहेतच. परंतु आपल्या समाजात त्याहून मोठे कारण आहे ती लाज. टायफॉइड झाला तर आपण शेजाऱ्याला सांगतो. मधुमेह झाला तर पथ्य सांभाळतो आणि यजमानही चहात साखर घालत नाही. दारूच्या व्यसनाबाबत मात्र घराचे दार लावून घेतले जाते. पत्नी रविवारच्या मिस्साला एकटी येते आणि "ह्यांना बरं नाही," असे सांगते. ते अक्षरशः खरे असते, हे तिलाही ठाऊक नसते.

उपचारानंतरचा माणूस

काही वर्षांपूर्वी एका गृहस्थाने मला सांगितलेला प्रसंग येथे नमूद करतो. ती प्रायश्चित्त संस्कारातील गोष्ट नव्हे आणि त्याने ती इतरांना सांगण्याची परवानगीही दिली आहे; तरीही गावाचा उल्लेख मी टाळत आहे. हा गृहस्थ व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी परतला होता. चार महिने त्याने दारूला स्पर्श केला नव्हता. मग भाचीचे लग्न आले. मांडवात भावोजींनी त्याच्यापुढे ग्लास धरला. "अरे, भाचीचं लग्न आहे. एका पेगानं काय होतंय?" त्याने दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा भावोजी रागावले, चारचौघे हसले आणि त्याने ग्लास घेतला. पुढचे आठ महिने तो पुन्हा शुद्धीवर नव्हता.

"फादर," तो मला म्हणाला, "केंद्रात मला कोणी दारू दिली नाही. ती मला माझ्याच माणसांनी दिली."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. केंद्रातील उपचार काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे असतात. तेथे माणसाभोवती कुंपण असते, दिनक्रम असतो, डॉक्टर असतात. खरी कसोटी लागते ती घरी परतल्यावर. तोच रस्ता, तेच मित्र, पगाराचा तोच दिवस, तोच सण. व्यसनमुक्ती क्षेत्रात काम करणारे सर्वजण हेच सांगतात की दारू थांबविणे ही सुरुवात असून ती थांबलेली ठेवणे हे आयुष्यभराचे काम आहे. ते काम आपल्या धर्मग्रामात होते किंवा आपल्याच धर्मग्रामात बिघडते.

केवळ शपथ पुरेशी आहे का?

आपल्याकडे ह्यावर एक जुना उपाय आहे. धर्मग्रामात मिशन प्रवचने होतात, प्रवचनकार भावपूर्ण आवाहन करतात, वेदीपुढे काही पुरुष दारू सोडण्याची शपथ घेतात आणि त्यांच्या माता-पत्नी डोळे पुसतात. त्या शपथेमागील भावना खरी असते. परंतु पुढच्या सोमवारी त्या माणसाला कोण भेटते? शपथ मोडली की तो केवळ दारूडा उरत नाही. देवाला दिलेला शब्द मोडणारा, अशीही त्याची गणना होते. मग त्याला चर्चची पायरी चढणे नकोसे होते.

मॅट टॅलबट यांच्याही जीवनाचा आरंभ शपथेनेच झाला. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, खिशात पैसे नसल्यामुळे ते मद्यालयाबाहेर उभे राहिले. ज्यांना आपण आजवर पाजत आलो ते मित्र आज आपल्याला पाजतील, अशी त्यांची अपेक्षा होती. कोणीही बोलावले नाही. ते घरी परतले आणि आईला म्हणाले की मी दारू सोडण्याची शपथ घेणार आहे. येथवर ही कथा आपल्याकडील अनेक कथांसारखीच आहे. वेगळेपण पुढे आहे. त्यांनी प्रथम केवळ तीन महिन्यांची शपथ घेतली. नंतर ती सहा महिन्यांसाठी वाढविली आणि त्यानंतर आयुष्यभरासाठी. त्याबरोबरच त्यांनी आपला दिवस बदलला. कामावर जाण्यापूर्वी पहाटेचा मिस्सा, संध्याकाळी प्रार्थना आणि वाचन, खिशात पैसे न बाळगण्याची सवय. एका विद्वान धर्मगुरूंचे आध्यात्मिक मार्गदर्शन त्यांनी स्वीकारले आणि १८९० साली ते संत फ्रान्सिसच्या तृतीय संघात सामील झाले.

म्हणजे मॅट टॅलबट यांना केवळ शपथेने तारले, असे म्हणता येणार नाही. त्यांना प्रार्थनेची दररोजची बैठक मिळाली, ऐकणारा मार्गदर्शक मिळाला आणि एका बंधुसंघाचे सदस्यत्व मिळाले. त्यांच्या मृत्यूनंतर अंगावर आढळलेल्या साखळ्यांची चर्चा पुष्कळ होते. अशा तपश्चर्येचे अनुकरण कोणी करावे, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. अनुकरणीय आहे तो त्यांचा दिनक्रम आणि मदत मागण्याची त्यांची नम्रता.

अ‍ॅक्रनमधील भेट आणि एक सिस्टर

मॅट टॅलबट यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी अमेरिकेतील ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरात दुसरी एक कथा घडली. बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातील एक माणूस तेथे कामासाठी गेला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याची दारू सुटली होती. त्याचे काम फसले. हॉटेलच्या दालनात एकटा उभा असताना त्याला बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज ऐकू आले. ह्या क्षणी आपल्याला कोणीतरी दुसरा मद्यपी भेटायला हवा, तरच आपण वाचू, हे त्याच्या लक्षात आले. त्याने तेथील एका चर्चच्या पाळकाला दूरध्वनी केला आणि त्या मार्गाने त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ ह्या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टर स्वतः दारूच्या आहारी गेले होते. बिलने त्यांना उपदेश केला नाही, आपली कहाणी सांगितली. डॉक्टर स्मिथ शेवटची दारू प्यायले तो दिवस म्हणजे १० जून १९३५. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा जन्म असा झाला. तिचे सारे कार्य आजही ह्या एकाच अनुभवावर उभे आहे: ज्याने ती आग सोसली आहे तो दुसऱ्याला हात देतो आणि हात देता देता स्वतः सावरतो.

ह्या चळवळीच्या बाल्यावस्थेत दोन कॅथोलिक व्यक्तींनी तिला आधार दिला, हे आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्णांना दाखल करून घेण्याचे काम सिस्टर इग्नेशिया पाहत असत. त्या काळी मद्यपी माणसाला रुग्णालये दारातूनच परत पाठवीत. १९३९ सालच्या ऑगस्टमध्ये सिस्टरांनी डॉ. स्मिथ यांच्या एका मद्यपी रुग्णाला पोटाच्या आजाराचे निदान लिहून आत घेतले. पुढील वर्षांत हजारो मद्यपी त्यांच्या हाताखालून गेले. रुग्ण घरी जाताना सिस्टर त्याला येशूच्या पवित्र हृदयाचे एक लहानसे चिन्ह देत. त्यासोबत एक अट असे: पुन्हा दारू पिण्याची इच्छा झाली तर पहिला घोट घेण्यापूर्वी हे चिन्ह मला परत आणून द्यावे. ह्या अटीतील शहाणपण पाहा. सिस्टरांनी आयुष्यभराचे वचन मागितले नाही. मोहाच्या क्षणी कोणाकडे यायचे ते सांगून ठेवले.

दुसरी व्यक्ती म्हणजे येशूसंघीय धर्मगुरू फादर एडवर्ड डाउलिंग. ते स्वतः मद्यपी नव्हते. १९४० साली पावसाळी रात्री ते न्यूयॉर्कमध्ये बिल विल्सन यांना भेटायला गेले. ह्या संघटनेच्या बारा पायऱ्या आणि संत इग्नाशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधना ह्यांत त्यांना साम्य जाणवले होते. पुढे वीस वर्षे, आपल्या मृत्यूपर्यंत, ते बिल यांचे आध्यात्मिक मित्र राहिले. बिल कॅथोलिक झाले नाहीत आणि त्यामुळे फादरांच्या मैत्रीत कधी उणेपणा आला नाही.

श्रद्धा आणि गट: काही शंका

आपल्या काही श्रद्धावंतांच्या मनात शंका असते. ह्या गटांत देवाविषयी बोलताना 'ज्याला जसा समजला तसा देव' अशी भाषा वापरली जाते. ख्रिस्ताचे नाव घेतले जात नाही. मग आपल्या माणसाने तेथे का जावे? आपली प्रार्थना, आपले संस्कार पुरेसे नाहीत का?

ह्याचे उत्तर शांतपणे द्यायला हवे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस हा पंथ नाही आणि तो ख्रिस्तसभेची जागा घेत नाही. तेथे हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती आणि देव न मानणारेही एकाच बाकावर बसतात, कारण त्या सर्वांना एकाच आजाराने गाठले आहे. कॅथोलिक माणूस तेथे जाताना आपला ख्रिस्त दाराबाहेर ठेवून जात नाही. ज्या शक्तीपुढे तो आपली हतबलता मान्य करतो, तिचे नाव त्याला ठाऊक असते. इतरांना ते ठाऊक नसले म्हणून त्याची श्रद्धा डळमळण्याचे कारण नाही.

प्रायश्चित्त संस्कार आणि गटातील मोकळेपणाने बोलणे ह्यांत मात्र गल्लत होऊ नये. संस्कारात ख्रिस्त धर्मगुरूच्या सेवेद्वारे पापांची क्षमा देतो. गट क्षमा देत नाही, तसा त्याचा दावाही नाही. गट सोबत देतो. संस्कार घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला संध्याकाळी सात वाजता दारूच्या दुकानावरून घरी जायचे असते, तेव्हा त्याच्यासोबत कोणी चालणार आहे का, हा प्रश्न गट सोडवितो. एकमेकांजवळ आपले दोष कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असा बोध संत याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आरंभीच्या ख्रिस्ती समुदायाला केला आहे. त्यात बरे होण्याचा मार्गही आहे, असे तो सांगतो.

दुसरी शंका अशी की व्यसन हे पाप की आजार? एक पक्ष म्हणतो, हे निव्वळ पाप आहे. मनात आणले तर माणूस सोडू शकतो. दुसरा म्हणतो, हा निव्वळ आजार आहे. माणसाची काहीही जबाबदारी नाही. ख्रिस्तसभेची शिकवण दोन्ही टोके टाळते. कॅथोलिक धर्मशिकवणुकीच्या ग्रंथातील २२९० वा परिच्छेद मद्यासह सर्व अतिरेकांपासून दूर ठेवणाऱ्या संयमाचा सद्गुण सांगतो, तर १७३५ वा परिच्छेद सवय आणि मानसिक घटक ह्यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, हे मान्य करतो. पहिल्या पेल्याच्या काळात माणूस जितका मोकळा असतो तितका तो दहा वर्षांच्या व्यसनानंतर राहत नाही. म्हणूनच त्याला धमकी देऊन उपयोग नसतो. त्याच्याजवळ उरलेल्या थोड्याशा स्वातंत्र्याला आधार द्यावा लागतो, जेणेकरून त्या स्वातंत्र्याच्या बळावर तो निदान मदत मागण्यासाठी हात वर करील.

संशोधन काय सांगते?

श्रद्धेच्या गोष्टींना शास्त्राचा आधार शोधण्याची घाई करू नये, हे खरे. तरीही येथे एक नोंद उपयुक्त आहे. वैद्यकीय संशोधनांचा काटेकोर आढावा घेणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेने २०२० साली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस आणि तिच्या बारा पायऱ्यांवर आधारित उपचारांविषयीची २७ संशोधने तपासली. त्यांत १०,५६५ व्यक्तींचा समावेश होता. ह्या मार्गाने गेलेल्यांपैकी एका वर्षानंतर सुमारे ४२ टक्के पूर्णपणे मद्यमुक्त राहिले. अन्य मानसोपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते.

हे आकडे दोन गोष्टी शिकवितात. गटाचा उपयोग होतो, ही पहिली. दुसरी अशी की शंभरातील अठ्ठावन्न जण वर्षभरात केव्हा ना केव्हा घसरले. म्हणजे घसरणे ही ह्या प्रवासातील अपवादात्मक घटना नाही. एकदा घसरलेल्या माणसावर आपण कायमचा शिक्का मारतो, तेव्हा आपण ज्ञानाच्या आणि करुणेच्या अशा दोन्ही बाजूंनी चुकतो.

आणखी एक सावधगिरीची सूचना. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने प्रार्थनासभेत भारावून एका रात्रीत दारू पूर्ण बंद करणे धोक्याचे ठरू शकते. कंप, आकडी, भ्रम अशी लक्षणे उद्भवून प्रसंगी प्राणावर बेतते. आरंभ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा. जाहिरात पाहून आणलेली पूड नवऱ्याच्या नकळत त्याच्या जेवणात मिसळण्याचे प्रकार तर कटाक्षाने टाळावेत. डॉक्टरकडे जाण्याने श्रद्धा उणी ठरत नाही; वैद्यकीही देवाचेच दान आहे.

आपल्या भूमीतील वाटा

ही चळवळ आपल्यासाठी परकी राहिलेली नाही. मुंबईत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे कार्य १९५७ साली सुरू झाले. आज मुंबई परिसरात तिच्या कित्येक सभा चर्चच्या आणि शाळांच्या खोल्यांतून भरतात. मुंबई महाधर्मप्रांताचे फादर जो परेरा ह्यांनी १९८१ साली वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आवारात 'कृपा फाउंडेशन'चे कार्य सुरू केले. आपण स्वतः व्यसनातून बाहेर आलो आहोत, हे फादरांनी कधी लपविले नाही. बारा पायऱ्यांना त्यांनी अय्यंगार योगाची जोड दिली. २००९ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरविले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्या दांपत्याने १९८६ साली 'मुक्तांगण' उभारले. पु. ल. देशपांडे यांनी त्यास मोठे आर्थिक साहाय्य केले. तेथील अनुभवही हेच सांगतो की बरे झालेले रुग्ण हेच नव्या रुग्णांचे सर्वांत विश्वासू सोबती ठरतात.

कायद्याचेही स्थान आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ज्या महिला 'आडवी बाटली'च्या बाजूने मतदान करून गावातील दुकान बंद पाडतात, त्यांचे आपण अभिनंदनच करायला हवे. परंतु चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठविण्यात आली. शासने बदलतात, धोरणे बदलतात, शुल्क वाढते किंवा घटते. दारू सोडलेल्या माणसाला मात्र बंदी असो वा नसो, आजचा दिवस दारूविना काढायचाच असतो. त्याचे त्या दिवसापुरते संरक्षण कोणतेही मंत्रिमंडळ करू शकत नाही.

धर्मग्रामाने काय करावे?

म्हणून काही गोष्टी आपण, धर्मगुरू आणि श्रद्धावंत मिळून, कराव्यात, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट, आठवड्यातून एका संध्याकाळी एक खोली मोकळी करून द्यावी. हे गट कोणाशीही संलग्न होत नाहीत आणि बाहेरची देणगी घेत नाहीत, हा त्यांचा नियम आहे. तेव्हा त्यांना धर्मग्रामाची एक संघटना बनविण्याचा मोह टाळावा. त्यांच्या सभेला कोण येते ते पाहू नये, विचारू नये, आणि धर्मग्रामाच्या पत्रकात कौतुकापोटीही कोणाचे नाव छापू नये.

दुसरी गोष्ट, कुटुंबाकडे पाहावे. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' हे गट १९५१ पासून कार्यरत आहेत. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. नवरा पितो म्हणून पत्नीला दोष देणारी, ती नीट वागली असती तर तो प्यायला नसता असे म्हणणारी जीभ आपल्या आळीतलीच असते. ती आवरणे हेही धर्मकृत्य आहे.

तिसरी गोष्ट अवघड आहे. बाप्तिस्मा, पहिला ख्रिस्तप्रसाद, लग्न, घराचा आशीर्वाद, चर्चचा सण, इतकेच काय अंत्यविधीनंतरची बैठक, ह्यांतील कोणता प्रसंग आपण दारूविना साजरा करतो? सर्वांनी मद्य वर्ज्य करावे, असा नियम ख्रिस्तसभेने केलेला नाही. काना गावच्या लग्नाची आठवण मला कोणी करून देण्याची गरज नाही. परंतु जो 'नको' म्हणतो त्याला दुसऱ्यांदा आग्रह करू नये, एवढे तरी आपण ठरवू शकतो. सरबताचा पेला दारूच्या पेल्याइतक्याच सन्मानाने पुढे यावा. आपल्यामुळे दुर्बळ बंधू अडखळत असेल तर आपला हक्क बाजूला ठेवावा, हा संत पौलाचा बोध मांडवातही लागू होतो. ह्याचा आरंभ आम्हा धर्मगुरूंपासून व्हावा. घर आशीर्वादित करायला गेलेल्या फादरांच्या हाती ग्लास दिसला तर त्यांच्या प्रवचनातील संयम कोणाला ऐकू येणार?

आम्ही धर्मगुरूही ह्या आजारातून वगळलेले नाही. २००३ साली श्रद्धा-सिद्धांत मंडळाने पाठविलेल्या पत्रानुसार, ज्या धर्मगुरूला मद्य वर्ज्य आहे त्याला बिशपांच्या परवानगीने मिस्सामध्ये द्राक्षांचा न आंबलेला रस वापरता येतो. सामान्य श्रद्धावंताने केवळ भाकरीच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेतला तरी त्याला संपूर्ण ख्रिस्त लाभतो. खुद्द वेदीवर ख्रिस्तसभा दुर्बळ बंधूसाठी जागा करून देते. मग आपल्या मांडवात त्याच्यासाठी जागा का असू नये?

चौथी गोष्ट, घसरलेल्याला पुन्हा बोलवावे. मदत हवी असेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी १४४४६ निःशुल्क उपलब्ध आहे. परंतु तो क्रमांक त्याच्याकडून फिरवून घेण्यासाठीही कोणीतरी शेजारी बसावे लागते.

समारोप

वर उल्लेखिलेल्या गृहस्थाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. आठ महिन्यांनंतर शेजारच्या धर्मग्रामातील एक अनोळखी माणूस त्याच्या दारी आला. तो अनेक वर्षे मद्यमुक्त होता. त्याने उपदेश केला नाही. आपण स्वतः कितीदा घसरलो ते सांगितले आणि त्याला सभेला घेऊन गेला. आजही तो रोज संध्याकाळी फोन करतो. दुसऱ्या भाचीच्या लग्नाला हे दोघे एकत्र गेले, वधूवरांना शुभेच्छा दिल्या, जेवले आणि लवकर घरी परतले. त्याच्या पत्नीने मला सांगितले, "फादर, त्या दिवशी मी पहिल्यांदा लग्नात निर्धास्त जेवले."

योहानाच्या शुभवर्तमानातील अकरावा अध्याय आपण सर्वांनी ऐकला आहे. लाजर चार दिवस कबरेत होता. येशूने त्याला हाक मारली आणि तो बाहेर आला. परंतु त्याचे हातपाय अजूनही प्रेतवस्त्रांनी बांधलेले होते, चेहरा झाकलेला होता. जीवन देण्याचे काम प्रभूने केले. ती बंधने सोडविण्याची आज्ञा मात्र त्याने भोवती जमलेल्या लोकांना दिली.

व्यसनातून उठलेला माणूस असाच आपल्यासमोर उभा असतो. तो जिवंत झाला आहे, पण त्याला अजून नीट चालता येत नाही. जुनी सवय, जुनी लाज आणि जुने नाव त्याच्या अंगाला गुंडाळलेले असते. प्रभूने आपले काम केले आहे. पुढच्या रविवारी तो माणूस मिस्साला आला, तर त्याच्या बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसू या. पुढच्या लग्नात तो 'नको' म्हणाला, तर त्याच्यासाठी सरबत आणू या आणि आपणही तेच घेऊ या.

लाजराची बंधने सोडविण्याचे काम प्रभूने आपल्यावर सोपविले आहे. ते करण्याचे बळ त्याने आपल्याला द्यावे, हीच प्रार्थना.